डावीकडून येणारं ऊन

इरमला उचलून दारात न्यायचं, हनुवटी बोटानं वर करायची आणि ओठ बघायचे. मग मुठी उलगडून नखं बघायची. मग परत आत. मदिहाचा दिवस असा खोलीपासून दारापर्यंत आणि दारापासून खोलीपर्यंत सरायचा. भाड्याच्या घरातली त्यांची मागची खोली अशी, की भर दुपारी दिवा लावावा लागे. आणि दिव्याखाली माणसाचा खरा रंग कळत नाही. त्या पांढऱ्या दिव्यात तर सगळ्यांचेच ओठ निळसर दिसतात. एकदा आरशात स्वतःचेच बघून ती दचकली होती.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. "बाळदमा आहे. मोठी होईल तसा जाईल, घाबरायचं काही कारण नाही. फक्त धाप लागली की ओठ आणि नखं बघत जा. निळसर वाटली तर मात्र थांबायचं नाही, सरळ घेऊन यायचं."

घाबरायचं नाही म्हणाले, आणि घाबरायचं नेमकं कशाला तेही दाखवून मोकळे झाले. इरम चालायला लागली, भिंतीला धरून हसायला लागली, पण मदिहाला पोरीचं हसू दिसायच्या आधी ओठांचा रंग दिसायचा.

सासू, लालबी, उंबऱ्याशी लसूण सोलत बसलेली असायची.

"आलीस व्हय परत?" ती पाय आखडून वाट द्यायची. "अगं, पोरगी हाय का पाचशेची नोट? सारखी उजेडात धरून बघायलीस ती!"

"डॉक्टरांनी सांगितलंय, अम्मी."

"डॉक्टरनं एकदा सांगितलंय. तू शंभरदा बघतीस. पोरीला वाटंल, आपल्या तोंडाला काय तरी लागलंय."

मदिहा पोरीला घेऊन आत वळायची. रात्री दोनदा-तीनदा उठून पोरीच्या छातीवर हात ठेवणाऱ्या बाईकडं दिवसा बोलायला शब्द उरत नाहीत.

नवं घर झालं की हे सगळं संपणार होतं. निदान घरात सगळे तसं म्हणत. सासरे, अमीन, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीसाठी लागणारे लाकडी साचे बनवायचे. थोरला मुलगा, मदिहाचा नवरा खिजर, तिथंच शेजारच्या कारखान्यात पाळीवर. धाकटा मुजम्मिल टेम्पो चालवायचा. तिघांनी मिळून गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत प्लॉट घेतला होता. जोतं झालं होतं. आकाराम मिस्त्री वीट कधी चढवायची ते ठरवत होता. आणि प्लॉटच्या तोंडाशी, दोन बांबूंवर, घराच्या चित्राचा भलामोठा फ्लेक्स लागला होता.

ते चित्र मदिहाचं.

ती आर्किटेक्चर शिकलेली. शिकून झाल्यावर राजारामपुरीत एका ऑफिसात होती. तिथले सर जुन्या वळणाचे. गिऱ्हाइकाला दाखवायचं चित्र कॉम्प्युटरवर काढलेलं त्यांना चालायचं नाही. शाई, जलरंग आणि कागद. तिथं तिच्या हाताला दोन-तीन गोष्टी अशा बसल्या, की झोपेतही चुकायच्या नाहीत. ऊन नेहमी डावीकडून, वरून, तिरकं आणायचं. पांढरा रंग वापरायचा नाही. जिथं ऊन हवं तिथं कागद कोरा सोडायचा आणि त्याला लागून सावली गडद करायची. जितकं गडद, तितकं शेजारचं कोरं झगमगतं. आणि तिसरी गोष्ट: शेजारी काढायचे नाहीत. सर म्हणायचे, "गिऱ्हाईक आपल्या घराचं चित्र मागतं, शेजाऱ्याच्या नाही. तिथं एक झाड टाक." मग तिथं गुलमोहर यायचा. कोल्हापुरात नसतील इतके गुलमोहर तिनं त्या ऑफिसात काढले होते.

इरमच्या वेळी सातवा महिना चालू असताना अमीननं तिला घराचा नकाशा दाखवला. नकाशा झालेला होता, मंजूर झालेला होता; कुठली खोली कुणाची हेही ठरलेलं होतं. "तू फक्त रंगीत चित्र काढ, बेटी. लोकांस्नी दाखवायला." तिनं आनंदानं काढलं. नेहमीच्या सवयीनं डावीकडून ऊन आणलं. सज्जाची सावली भिंतीवर निळीकाळी टाकली, खाली कागद कोरा सोडला, आणि घर असं उजळलं, की लालबीनं पहिल्यांदा सुनेच्या हाताचं कौतुक केलं. डाव्या अंगाला एक चारफुटी खिडकी होती. तीही उन्हात न्हाली. खिडकीशेजारी गुलमोहर.

ती खिडकी म्हणजे खिजर-मदिहाच्या खोलीची. त्या खोलीला तेवढी एकच.

*

बाळंतपण, मग पोरीची धाप, मग दवाखाना. यात वर्षभर ती प्लॉटकडं फिरकलीच नव्हती. मे महिन्यात एका सकाळी प्लॉटवर गेलेल्या अमीनचा डबा घरीच राहिला, म्हणून इरमला कडेवर घेऊन ती रिक्षानं तिकडं गेली.

सकाळचे दहा वाजून गेलेले. ऊन चटचट लागत होतं. अमीन सिमेंटच्या दुकानाकडं गेलेला; आकाराम विटांच्या थप्पीवर बसून तंबाखू मळत होता.

"या वैनी! बघा, तुमची खोली ती. चुना मारून ठेवलाय, त्या रेघेच्या आत."

मदिहा जोत्यावर चढली, रेघ ओलांडून आपल्या खोलीत गेली, आणि तिला गार लागलं.

घराला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, सगळीकडं ऊन पेटलं होतं; आणि तिची खोली तेवढी सावलीत होती. तिनं वर पाहिलं. डाव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, शेजारच्या हंबीररावांची तीनमजली इमारत. मधे पाच फुटांचा बोळ. इमारतीचं तोंड रस्त्याकडं अबोली रंगाचं, खाली काळा ग्रॅनाइट, वर पितळी अक्षरांत नाव. पण या बाजूला गिलावाच नव्हता. नागड्या विटा, विटांतून ओघळून वाळलेला माल, आणि वरपासून खालपर्यंत शेवाळाचे काळे ओघळ. पावसाळ्यामागून पावसाळे पिऊन भिंत काळीठिक्कर पडली होती.

हीच भिंत तिच्या खिडकीसमोर येणार होती. सकाळचं ऊन तिच्यामागं अडकणार. दुपारी डोक्यावरून जाणार. आणि घराचं तोंड उत्तरेकडं, त्यामुळं पुढूनही काही येणार नाही.

तिनं फ्लेक्सकडं पाहिलं. फ्लेक्सवर तिची खिडकी लखलखत होती. हंबीररावांच्या तीनमजलीच्या जागी गुलमोहर फुलला होता.

"वीट कधी चढणार?" तिनं विचारलं.

"पाऊस काय आता थांबतोय? पुढच्या हप्त्यात हात घालायचा. आता काय सांगायचं आसंल ते सांगा. भिंत चढल्यावर म्हणू नका, आकाराम, हिकडची तिकडं कर."

इरमनं खोकायला सुरुवात केली. मदिहानं सवयीनं तिची हनुवटी वर केली. त्या काळ्या भिंतीच्या सावलीत पोरीचे ओठ राखेच्या रंगाचे दिसत होते. काय खरं, काय नाही, काही कळेना. ती धावत जोत्याखाली उतरली, उन्हात गेली, परत बघितलं. गुलाबी होते.

इथंही आपण दाराकडं पळणार, एवढंच तिला त्या क्षणी कळलं. घर नवं, पळणं तेच.

*

त्या संध्याकाळी तिनं जेवताना विषय काढला. फार विचार करून, मऊ शब्दांत.

"अब्बा, मागची उजवीकडची खोली आहे ना, दोन खिडक्यांची. ती आम्हाला मिळाली तर? तिकडं मोकळा प्लॉट आहे. इरमला उजेड पाहिजे. आमच्या खोलीत ऊनच येणार नाही."

सगळ्यांचे हात थांबले. ती खोली मुजम्मिलची. त्याचं गडहिंग्लजच्या एका मुलीशी ठरत आलेलं.

"येणार न्हाय कसं?" मुजम्मिलनं मोबाइल काढला, फ्लेक्सचा फोटो मोठा करून तिच्यापुढं धरला. "भाभी, तुम्हीच काढलंय की हे. खिडकीत ऊन बघा. एवढं ऊन हाय, की चष्मा घालून झोपायला लागंल."

खिजरलाही हसू आलं. मग त्यानं बायकोकडं बघितलं आणि गिळलं.

"ते चित्र आहे," मदिहा म्हणाली. "चित्रात ऊन डावीकडूनच काढतात. तशी पद्धत आहे."

"म्हंजे खोटं काढतात?"

"खोटं नाही… तसं दिसायला बरं दिसतं."

"मग आता तसं ऱ्हायलाबी बरं दिसंल," लालबी म्हणाली. तिनं भाकरी मोडली. "मी शब्द दिलोय गडहिंग्लजवाल्यांस्नी. दोन खिडक्यांची खोली, पोरगीच्या आईनं नकाशात बघितल्या. आता काय सांगू? थोरल्या सुनेला उजेड कमी पडतोय म्हणून तुमच्या पोरीला अंधारात घालतो?"

मदिहानं खिजरकडं पाहिलं. तो पहिली पाळी करून आला होता, परत रात्री मुकादमानं बोलावलं होतं. डोळे भट्टीपुढं उभं राहून लाल झालेले.

"बघू पुढं," तो म्हणाला. "वीट चढू दे तरी."

वीट चढली की बघण्यासारखं काहीच राहत नाही, हे त्याला कोण सांगणार? आणि सांगायचं बळ तरी कुणाला होतं?

*

वाद घालायला झोप झालेली असावी लागते. चित्र काढायला तेवढी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इरम झोपल्यावर तिनं पलंगाखालचा बोर्ड ओढून काढला. दारात, उंबऱ्याच्या आत, लालबीच्या लसणाच्या सुपाशेजारी बसली. तिथंच काय तो उजेड. तेच घर, त्याच कोनातून काढलं. फक्त या वेळी झाड काढलं नाही. गुलमोहराच्या जागी हंबीररावांची तीनमजली काढली, तिच्या पाइपांसकट. आणि ऊन आणलं ते सरांच्या पद्धतीचं नव्हे. मे महिन्यात सकाळी दहाला जिथून येतं तिथून. इमारतीची सावली पट्टीनं मोजून घरावर उतरवली. ती सज्जावरून घसरली, डावी भिंत गिळून टाकली आणि पायऱ्यांपाशी थांबली.

मोठी सावली रंगवायची म्हणजे एकदा पाण्यानं भरलेला ब्रश टेकवला, की कडेपर्यंत थांबता येत नाही. थांबलं की तिथं रंग वाळतो आणि रेघ राहते. हंबीररावांच्या भिंतीच्या मध्यावर ती आली आणि आत इरमच्या श्वासाला शिट्टी लागल्यासारखं वाटलं. ब्रश टाकून ती उठली. छातीवर हात ठेवला. काही नव्हतं, नाक भरलं होतं. परत आली तोवर भिंतीवर आडवी रेघ वाळली होती. तिनं ती तशीच ठेवली. खऱ्या भिंतीवर तरी कुठं कमी रेघा होत्या?

खालच्या कोपऱ्यात तिनं लहानसं दुसरं चित्र काढलं: तिची खोली आतून. नकाशात सगळ्या खोल्या कागदासारख्या पांढऱ्या असतात, म्हणून तर कुणाला काही कळत नाही. तिनं आतल्या भिंती एकावर एक हात देऊन काळवंडत नेल्या. शेवटी फक्त खिडकीची चौकट उरली, आणि चौकटीत विटा. कागदाचा पांढरा ठिपका म्हणून कुठं सोडावा, तर जागाच सापडेना.

पुरं व्हायला आठवडा गेला. मधल्या काळात आकारामला सिमेंट वेळेवर मिळालं नाही, एवढीच मेहेरबानी.

लालबीनं ते चित्र बघितलं आणि तिच्या हातातली लसणाची पाकळी गळून पडली.

"या अल्ला! घराला काळं फासलंस?"

"सावली आहे, अम्मी."

"उभं ऱ्हायच्या आधी घराचं तोंड काळं केलीस! झाक ते. पोराचं लगीन ठरालंय आणि हिनं घरात रात करून ठेवल्या."

मुजम्मिल वाकून बघत म्हणाला, "भाभी, हे लोडशेडिंगचं चित्र हाय का?"

अमीन मात्र कागद दारात, उजेडात धरून बघू लागला. आयुष्यभर लाकडी साचे केलेला माणूस. तो आधी काळं बघत होता, मग पांढरं.

"आमच्या धंद्यात उलटंच बघायला लागतंय," तो म्हणाला. "वाळूत साचा दाबून काढला, की जितं काय न्हाय, तितंच लोखंड जातंय." मग खाली कोपऱ्यातल्या खोलीवर त्यानं बोट ठेवलं. "खोली बदलणं माझ्या हातात न्हाय, बेटी. शब्द गेलाय. पण हे खरं हाय का तेवढं उद्या तितं जाऊन बघतो."

*

दुसऱ्या दिवशी मदिहाही गेली. पोरीला धाप नव्हती, पण घरात लालबीचा अबोला होता आणि अबोल्यात बसण्यापेक्षा ऊन बरं.

दहाच्या सुमाराला अमीननं चित्र हातात धरून जोत्याभोवती एक चक्कर मारली. सावलीची कड पायऱ्यांपाशी थांबली होती. चित्रातही तिथंच. त्यानं मान हलवली आणि सिमेंट ठेवायच्या पत्र्याच्या शेडवर, खिळ्याला, चित्र अडकवलं. फ्लेक्सच्या अगदी शेजारी.

तेवढ्यात हंबीरराव आले. नवीन बांधकामाचा शेजारी जसा रोज येतो, तसे ते रोज यायचे. चहा प्यायचे आणि आकारामला त्याचं काम शिकवायचे. उंच, पांढरी विजार, आवाज असा की पलीकडच्या गल्लीला वाटावं आपल्यालाच बोलावतायत.

"काय पावणं, नवीन फोटू लावलासा काय?" ते चित्राजवळ गेले. "आणि ह्यो काळा डोंगर कुणाचा?"

"तुमचाच की," आकाराम म्हणाला.

"आमचा?"

"तुमची बिल्डिंग हाय ती."

हंबीररावांनी चष्मा लावला. "ही आमची बिल्डिंग? आरं, आमची बिल्डिंग आबोली हाय, आबोली! भर रस्त्यावर लोकांस्नी दाखवायला आमचं तोंड काळं करून टांगलाईसा व्हय? अमीनभाई, शेजार अजून सुरू व्हायचाय, तवर ही रीत?"

"माझ्या सुनेनं काढलंय," अमीन म्हणाला, आणि एक पाऊल मागं सरला.

सगळ्यांच्या नजरा मदिहाकडं वळल्या. एरवी तिनं माफी मागितली असती. पण त्या दिवशी तिच्याकडं माफी मागायचीही ताकद नव्हती.

"पुढून अबोली आहे, काका. आमच्या बाजूनं कधी बघितलीय तुम्ही?"

"आमचीच बिल्डिंग आम्ही बघितली न्हाय?"

"इथून. वर या ना."

हंबीरराव तावातावानं जोत्यावर चढले, चुन्याची रेघ ओलांडून मदिहाच्या खोलीत आले, आणि वळून उभे राहिले. आणि तसेच राहिले. स्वतःच्या घराची ती बाजू त्यांनी बांधल्यापासून पाहिली नव्हती. पाहायला परक्याच्या प्लॉटात यावं लागलं असतं. नागड्या विटा. ओघळ. एका पाइपातून पिंपळाचं रोप फुटलं होतं आणि चांगलं हातभर वाढलं होतं.

"पिंपळ कवा आला?" ते हळू म्हणाले. त्यांचा आवाज हळूही असू शकतो हे आकारामला पहिल्यांदाच कळलं असावं. त्याची तंबाखू मळायची थांबली.

"ह्या प्लॉटचा आधीचा मालक परांची बांधू द्यायचा न्हाय हो," ते म्हणाले. "माझ्या जागेत बांबू रोवायचा न्हाय म्हणायचा. मग ऱ्हायला ह्या अंगाचा गिलावा. तुमास्नी घरातनं हे असंच दिसणार म्हणा की."

"दिसणार काहीच नाही," मदिहा म्हणाली. "अंधार असेल. मुलीला दमा आहे. धाप लागली की ओठांचा रंग बघावा लागतो. या खोलीत तो दिसत नाही. हे बघा." आणि तिनं कडेवरच्या इरमची हनुवटी वर केली. ती रोज करते तसंच. फक्त या वेळी दुसऱ्या कुणाला दाखवायला.

हंबीररावांनी वाकून पाहिलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे. इरमनं त्यांच्या चष्म्याला हात घातला.

"मी काय करू म्हणतीस, पोरी? बिल्डिंग काय सरकंवता येतीय मला?"

"गिलावा करा आणि पांढरी करा. नुसती पांढरी. वरच्या दोन मजल्यांवर दुपारनंतर ऊन पडतं, ते आता भिंत पिऊन टाकते. पांढरी असली तर थोडं परत टाकेल. आमच्या खिडकीत."

कॉलेजात शिकवलेलंच होतं हे. सावली कधीच नुसती काळी नसते, समोरच्या भिंतीवरून उडालेला उजेड तिच्यात असतो. तो रंगवला नाही तर चित्र मेलेलं दिसतं. पहिल्या चित्रात तिनं तो मन लावून रंगवला होता. दुसऱ्यात नव्हता, कारण भिंतीकडं द्यायलाच काही नव्हतं.

"ऊन येणार न्हाय मग?" अमीननं विचारलं.

"ऊन नाही, अब्बा. उसना उजेड."

हंबीरराव खाली उतरले, परत चित्रापाशी गेले. "परांची तुमच्या जागेत लागंल," ते अमीनला म्हणाले.

"वीट चढायच्या आत करा. मग बोळातनं माणूसबी शिरायचा न्हाय."

"करतो. पण ते चित्र आधी उतरवा. आणि फ्लेक्सवर जे नवं लावशीला, त्यात आमची बिल्डिंग पायजे. झाड नको. आबोली पायजे. रंग मी आणून दाखवतो, बरोब्बर तसला."

"तेच चित्र पांढरं करून द्या की वैनी," आकाराम मधेच म्हणाला.

"काळं केलेलं पांढरं होत नाही. नवीनच काढावं लागेल," मदिहा म्हणाली, आणि तिच्या खांद्यात कळ आली. आणखी एक आठवडा. उंबऱ्याशी, लसणाच्या सुपाशेजारी.

*

लालबीला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "आमच्या घराच्या फ्लेक्सवर त्यांची बिल्डिंग? उद्या निकाहच्या पत्रिकेवर हंबीररावांचं नाव घाला." पण शब्द मोडला नव्हता, दोन खिडक्यांची खोली मुजम्मिलचीच राहिली होती, त्यामुळं तिचा अबोला तिच्याच बोलण्यात विरून गेला. कुणी मदिहाला 'तुझं खरं होतं' असं म्हणालं नाही. तिनंही वाट बघितली नाही.

हंबीरराव जिद्दीला पेटले. परांची चढली, पिंपळ उपटला, गिलावा झाला, आणि भिंतीवर पांढऱ्याचे दोन हात बसले. ते बघायला जूनच्या तोंडावर एका दुपारी सगळी बायकामाणसं गेली. खिजरनं मोटरसायकलवरून मदिहाला सोडलं आणि विटांच्या थप्पीला टेकून तिथंच डोळे मिटले.

मदिहानं पोरगी लालबीकडं दिली आणि आकारामबरोबर जोत्यावर चढली. खोलीत उभी राहून तिनं पर्समधला कोरा कागद काढला, आडवा धरला, त्यावर बोट उभं केलं. बोटाची सावली पडत होती. फिकट, कडा विरलेली, पण पडत होती. उजेड डावीकडून येत होता. तिला उगाचच हसू आलं.

पण ती हिशेब विसरली नव्हती. आत्ता भिंत खालपर्यंत उन्हात होती, कारण मधे घर नव्हतं. घर उभं राहिलं की तिचंच घर भिंतीच्या खालच्या मजल्यावर सावली टाकणार. वरच्या दोन मजल्यांवरून जे गळून खाली येईल ते. आहे त्याच्या निम्मं. कदाचित निम्म्याहूनही कमी.

"वैनी, खिडकी नकाशात चार फूट हाय. तशीच धरू न्हवं?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वळली. चुन्याच्या रेघेपाशी लालबी उभी होती. तिच्या कडेवर इरम. आणि इरमचे ओठ जांभळे होते.

मदिहा होती तिथंच राहिली. ज्या क्षणाची तिनं वर्षभर रात्रंदिवस राखण केली होती तो हाच, एवढंच डोक्यात आलं. आणि तरी तिचे डोळे आपलं काम करत राहिले. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. ओठ जांभळे, पण हनुवटीही जांभळी. उजव्या गालावर एक ओघळ, त्यात लालसर छटा. जीभ बाहेर आली तीही जांभळी. मुठी लालबीच्या पदरात, नखं गुलाबी. स्वच्छ गुलाबी.

"काय बघतीस अशी?" लालबी म्हणाली. "जांभूळ चारलोय. कोपऱ्यावर पाटीवाली बसल्या. बी काढून, बोटानं चुरून दिलोय, माझी काय पहिली वेळ हाय पोर संभाळायची?"

मदिहा चार पावलं चालत गेली. तिनं इरमचा खालचा ओठ अंगठ्यानं हळूच दुमडला. आतून गुलाबी. मग ती तिथंच खाली बसली, चुन्याच्या रेघेवर, चांगल्या ओढणीला चुना लागला तरी.

"अगं ए! काय झालं?"

"काही नाही, अम्मी. जांभूळ."

लालबीनं सुनेकडं पाहिलं, पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. मग आपल्या पायाखालच्या रेघेकडं, आणि मदिहा जिथून चालत आली होती तिथवर. काहीतरी तिच्या ध्यानात आलं असावं. तीही खाली बसली, गुडघे धरून, कण्हत.

"हितंच उभी ऱ्हाऊन वळखलीस की," ती म्हणाली. "पळाली न्हाईस दाराकडं."

"इथं दार कुठाय?"

"तेच म्हंतोय." लालबीनं पदराच्या शेवानं पोरीची हनुवटी पुसली, डाग निघाला नाही, पसरला. "गडहिंग्लजवाल्यांस्नी काय सांगू नको हं, ही खोलीबी बरी निघाली म्हणून. न्हाईतर हीबी मागतील."

इरम जांभळ्या तोंडानं हसली. मदिहानं तिच्या हसण्याकडं पाहिलं. थकवा कुठं गेला नव्हता. तो पायांत, पाठीत, डोळ्यांच्या मागं जिथल्या तिथं होता. नवं चित्र अजून पुरं व्हायचं होतं, अबोली रंग हंबीररावांनी तीनदा बदलायला लावला होता.

"वैनी," आकारामनं परत हाक मारली. तो दोरी धरून उभा होता. "खिडकीचं काय करू? चारच फूट?"

"सहा," मदिहा म्हणाली.